उद्या एक वाजता, आपण

नवं पितळी कुलूप.

फळा वरून खाली पुसायचा, आडवा नाही.

मेडनहेडमधलं तिघांचं घर.

निळा ओव्हरऑल, खिशावर काम सोडून गेलेल्या बाईचं नाव.

तीन अक्षरांचा एक शब्द.

“पुन्हा सांग,” सुमनकाकू म्हणाल्या. हात फळ्यावर, पाठ तनूकडे.

“उद्या एक वाजता,” तनू म्हणाली, “आपण मोठ्या जिनावर बसणार.”

“आपण?”

“हो. आपण.”

“नक्की?”

“हंड्रेड पर्सेंट, काकू. आपण.”

“बरं,” काकू म्हणाल्या, आणि फळ्याचा उरलेला कोपरा पुसून टाकला. वरून खाली.

लेस्टर, इंग्लंड, नोव्हेंबर २००६. तनू विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. काकू तिथे साफसफाई करायच्या. तनूला एकदा फोनवर आईशी मराठी बोलताना ऐकून त्या थांबल्या होत्या. तेवढीच ओळख.

तळघरात एक खोली होती. सफाई कामगार तिथे डबा खायचे. एक केटल, सात खुर्च्या. महिन्यापूर्वी सफाईचं कंत्राट घेतलेल्या कंपनीने तिच्यात खोकी भरली आणि दाराला कुलूप घातलं. तेव्हापासून कामगार मागच्या दाराशी, कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभ्यानं जेवत. तनूने ते पाहिलं आणि गट काढला. पहिल्या बैठकीला नऊ जण आले. दुसरीला पाच. आता तिघं उरले होते: तनू, पुण्याहून एमएस्सीला आलेला नकुल आणि एमा. शेवटचा उपाय म्हणून कुलगुरूंच्या ऑफिसच्या जिन्यावर बसून जेवायचं ठरलं. एक अट तिघांनी कागदावर लिहिली होती. कामगारांना बोलवायचं नाही. त्यांची नोकरी जाईल.

तनू काकूंना फक्त कळवायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी एक वाजता तिघं जिन्यावर बसले. लोक ‘सॉरी’ म्हणत त्यांच्यावरून पाय टाकत होते. एक प्राध्यापक एमाचं सँडविच ओलांडून वर गेले.

“पत्ते कुटायलासुद्धा चौथा भिडू लागतो,” नकुल म्हणाला. “आपलं तर आंदोलन आहे.”

“दीडपर्यंत,” तनू म्हणाली. “मग फिनिश.”

फिनिश म्हणजे सगळंच. गटही.

एक वाजून वीस मिनिटांनी बाजूचं दार उघडलं.

निळे ओव्हरऑल. अकरा. पुढे सुमनकाकू, मागे पोलंडची दानुता, मागे कोकिळाबेन, आणि मागे आणखी आठ जणी. प्रत्येकीच्या हातात डबा. काकूंनी त्यांना मोडक्या इंग्रजीत एवढंच सांगितलं होतं: वुई सिट.

तनू उभीच राहिली. “काकू, तुम्ही? अहो, जॉब जाईल!”

“सरक जरा,” काकू म्हणाल्या. बसल्या. डबा उघडला. मेथीचा वास जिनाभर पसरला.

तीन विद्यार्थ्यांवरून पाय टाकणं सोपं होतं. रोज सकाळी तोच जिना पुसणाऱ्या अकरा बायकांवरून पाय टाकणं कुणाला जमेना. आधी कायद्याची जाड पुस्तकं घेतलेली एक मुलगी बसली. मग तिच्या दोन मैत्रिणी. मग अख्खी हॉकी टीम. दोन वाजता जिन्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. कंपनीचा सुपरवायझर नावं लिहून घ्यायला आला. कुणापासून सुरुवात करावी ते त्याला कळेना. त्यानं पेन खिशात ठेवलं.

गुरुवारी कुलूप निघालं. नोकरी कुणाचीच गेली नाही.

“तू त्यांना नक्की म्हणालीस काय?” नकुलने विचारलं. तनूने सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. “अगं बाई! ‘आपण’ म्हणजे त्यासुद्धा आल्या. तुला ‘आम्ही’ म्हणायचं होतं.”

“डिफरन्स काय? दोन्ही ‘वुई’च ना?”

“अकरा बायकांचा डिफरन्स.”

तनू लहानाची मोठी झाली त्या मेडनहेडच्या घरात आई, बाबा आणि ती. आपण जेवू या, आपण निघू या, आपण उद्या बघू. बाहेर ठेवायला कुणी नव्हतंच, त्यामुळे तिथे ‘आम्ही’ कधी लागला नाही. तिच्या व्याकरणापायी अकरा जणींच्या पोटावर पाय आला असता.

ती धावत तळघरात गेली. खोलीत केटल उकळत होती.

“काकू, सॉरी. माझा चूक झाला.”

“माझी चूक झाली,” काकू म्हणाल्या.

“नाही नाही, तुमची नाही, माझा!”

काकू हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एक खुर्ची तिच्याकडे सरकवली. “बस. चहा घे.”

गटाचं नाव पुढे ‘आपण’ पडलं. दीड वर्षात सभासद तीनशेवर गेले. एमा ते नाव ‘आपन’ असं म्हणायची, पण सर्वांत मोठ्यानं म्हणायची. नव्या मुलांना तनू दर वेळी तीच गोष्ट सांगायची: आपली चळवळ माझ्या वाईट मराठीवर उभी आहे.

पदवी मिळाली त्या दिवशी ती काळ्या झग्यातच तळघरात गेली आणि काकूंच्या गळ्यात पडली.

“तुम्ही त्या दिवशी चुकून आलात ना, काकू. थँक यू. त्या चुकीला थँक यू.”

“हो गं,” काकू तिची टोपी सरळ करत म्हणाल्या. “चुकूनच आले.”

लेस्टरला येण्यापूर्वी सुमन डोंगरे कराडच्या एका शाळेत एकोणीस वर्षं मराठी व्याकरण शिकवत होत्या.