दोन पाशिंजर

अनिसाने तिसऱ्यांदा बादलीत तोंड घातलं. गाडी तेव्हा शेलूबाजारातल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या फरशीवर उभी होती. तिला चाकंच नव्हती. एक खुर्ची, एक स्टिअरिंग, समोर पडदा. पडद्यावर मात्र घाट पळत होता.

निळी बादली मशीनसोबतच आली, असं स्कूलचे मालक पंजाबराव सांगत. ते पडद्याकडे पाठ करून आवळासुपारी चघळत होते.

"मशीनचा काही दोष नाही, पोरी. मन खंबीर लागते."

आज घाट पार झाला तर सोमवारपासून शाळेची बस अनिसाच्या हातात. नाही तर दिनेशच्या. दिनेशने मशीनवर बस दोनदा दरीत घातली होती, पण न ओकता.

तिची अम्मी ताजबी बाकावर बसली होती. "जीपीत तं हिले कदी मळमळलं नाही."

"जीपीत एकटी कुठं बसते थे?" शेजारच्या सीताबाई म्हणाल्या. त्या मेथीची टोपली घेऊन बाजाराला निघाल्या होत्या, वाटेत पोरीची परीक्षा पाहायला थांबल्या.

खरं होतं. अनिसा मामाच्या जीपवर गाडी शिकली होती. त्या जीपीत ड्रायव्हरच्या डावीकडे माणसं असतच, पण रीतीप्रमाणे उजवीकडेही एक पाशिंजर असायचं. खांद्याला खांदा न लागता गाडी चालवायची असते, हे तिला या खोलीत आल्यावर कळलं होतं.

खुर्चीच्या दोन्ही बाजूंना स्टुलं आली. डावीकडे ताजबी, उजवीकडे सीताबाई, मांडीवर टोपली.

"सरक ना वं, अर्धी भायेर हाओ मी!" सीताबाई म्हणाल्या.

घाट सुरू झाला. उजवं वळण आलं. सीताबाई सवयीने अनिसाच्या अंगावर कलल्या. डावं वळण आलं, ताजबी कलली. ब्रेक लागला तशा तिघी पुढे गेल्या.

"हळू घे, मेथी सांडून राह्यली!"

इतके दिवस डोळे म्हणायचे गाडी चालली आणि पाठ म्हणायची खुर्ची जागेवरच आहे. या भांडणात पोट हकनाक मरायचं. आता पडदा जे म्हणे, तेच दोन्ही खांदे म्हणू लागले. पोटाला मधे बोलायचं कारण उरलं नाही.

घाट संपला. पडदा हिरवा झाला. बादली कोरडी होती.

"कोन्तं गाव आलं?" सीताबाईंनी विचारलं आणि टोपली उचलली.

"उतरू नका, बाई."

पंजाबरावांनी सुपारी थुंकली. अनिसाला उठवून ते त्या दोघींच्या मधे अंग चोरून बसले. बादली पायाने जवळ ओढली.

"चला. पयल्या वळनाच्या पुढं काय हाय, मले अजून मालूमच नाही."