मंगलचे मांडे

"आत्या, बोट बाजूला घ्या हो! मागच्या वेळी मांडा राहिला आणि तुमचा अंगठाच दिसला."

मंगलच्या दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत, पातळ पोळी पसरली होती. मांडा असा हातांवर झुलवत मोठा करायचा आणि अल्लद पालथ्या कढईवर टाकायचा. जरा रेंगाळलं की भोक पडलंच म्हणून समजा. अशा वेळी मोबाईल धरणार कोण? सासूच. अक्काताईंचे सांधे धरल्यापासून त्यांना चुलीपुढं बसवत नव्हतं. म्हणून मांडे सुनेकडे आले आणि मोबाईल सासूकडे गेला.

"धरलंय की गं नीट. तू कर झोकात."

मांडा कढईवर पडला, भाजला, वर पिठीसाखर भुरभुरली, चौकोनी घडी झाली. काय सुरेख उतरला होता! बघणाऱ्यानं नुसतं बोट लावून बघावं.

"टाका आता."

"टाकला बघ."

अक्काताई चौथी शिकलेल्या. पण नवा मोबाईल आणायला रवळूच्या दुकानात गेल्या आणि सगळी विद्या शिकूनच आल्या. व्हिडिओचं अकाउंटही रवळूकडून त्यांनीच उघडून आणलं होतं. व्हिडिओ टाकायचा कसा, कोण आलं, कोण गेलं, सगळं त्याच बघायच्या. मंगलला त्याचं कौतुकच होतं. पीठ-तुपाच्या हातानं तिला त्या मोबाईलला शिवताही येत नव्हतं.

व्हिडिओ गेला की अक्काताई मीठ-मिरच्या मुठीत घ्यायच्या. आधी सुनेवरून उतरवायच्या, मग कढईवरून, मग मोबाईलवरून. मिरच्या चुलीत पडल्या की घरभर ठसका. मंगल खोकून बेजार व्हायची आणि अक्काताई डोळे पुसत खूश व्हायच्या.

"ठसका लागला! एकाचीबी नजर लागलेली न्हाय."

"नजर लागायला कुणीतरी बघायला तर पाहिजे, आत्या!" मंगल वैतागून म्हणायची.

खोटं काय होतं त्यात? बघणारे कोण, तर गुंजी गावचा भाऊ, कणकुंबीची मावशी, नणंद आणि नवरा नागेंद्र. तेच ते चौघं-पाच जण. गल्लीतली पोरगी नुसती वेणी घालून दाखवते, तर तिला हजारोंनी बघतात. आणि इथं जीव जाळून केलेला मांडा, त्याला कुत्रं विचारत नाही! मंगलनं काय करायचं ठेवलं होतं? नवी साडी नेसून झाली. गाणं लावून झालं. आधी मराठीत बोलली, मग कन्नडमध्ये, मग दोन्हींत.

निपाणीच्या बचत गटाच्या प्रदर्शनात तर तिनं मांड्याचे डबेच्या डबे खपवले. माणसं बोटं चाटत होती. प्रत्येक डब्यावर अकाउंटचं नाव छापलं होतं, ऑर्डर त्यावरच द्यायची. फोन नंबर नको, असं नागेंद्रच म्हणाला होता. मागच्या खेपेला नंबर छापला तेव्हा रिकामटेकड्यांनी फोन करून तिला नको नको केलं होतं. "बघतो हं, लग्नाची ऑर्डर देतो," म्हणून सगळे गेले. गेले ते गेलेच.

"खात्यात आणि विसरत्यात मेले," असं म्हणून मंगलनं त्या दिवशी परात आपटली होती.

नागेंद्र वाईट नव्हता. पण त्याचाही धीर सुटला.

"मनातलं मांडं लई खाल्लं, मंगल. दिवाळीपतोर बघू म्हटलंतं, बघितलं. मच्छे गावच्या कारखान्यात पॅकिंगला बाया घ्यायला लागल्यात. मी शब्द टाकलाय. सोमवारपासनं चल."

मंगल कढई घासायला बसली. लग्न होऊन आली तेव्हा हीच कढई दाखवून अक्काताई म्हणाल्या होत्या, "ही हाय तोवर तुला कुणापुढं हात पसरायला लागायचा न्हाय." आता दुसऱ्याच्या घंटेवर उठायचं, दुसऱ्याच्या घंटेवर जेवायचं.

मग आजचा हा व्हिडिओ, शेवटचा म्हणून केलेला. तो टाकून झाला. चूल निवली. पलीकडच्या गल्लीतल्या जयाबाईचा त्या कढईवर कधीचा डोळा होता. ती पैसे आणि रिक्षा घेऊनच आली. कढई उचलताना मंगलनं मदत केली, पण रिक्षा वळेपर्यंत काही तिला दारात उभं राहवलं नाही. आत येऊन ती मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"आत्या, खरं सांगा. माझ्या हाताला चवच न्हाय काय हो?"

"खुळी का काय तू?" अक्काताईंनी तिला जवळ ओढलं. "चव नसती तर एवढी माणसं दारात तटली असती व्हय?"

"कुठली माणसं?"

"ही काय, मोबाईलवरची. रवळूनं पहिल्याच दिवशी विचारलंतं, समद्यांस्नी दाखवायचं का घरच्यांस्नीच? म्हटलं, तरणीताठी सून माझी, अशी उघड्यावर कशी टाकू? घाल कुलूप." अक्काताईंनी चष्मा सारखा केला. "तवापासनं रोज येत्यात, आत घ्या म्हणत्यात. निपाणीची हायत, हुबळीची हायत. एक हाटेलवाला तर तीनदा आला. वळख ना पाळख! मांडं पाहिजे तर माणूस अक्षता घिऊन घरला येतंय, असं फटीतनं डोकावतंय व्हय? एकालाबी आत घेतलं न्हाय बघ."

त्यांनी मोबाईल पुढं धरला. मंगल बोटानं नावं वर सरकवत राहिली. ती संपेचनात.

"उगंच लागतो व्हय गं," अक्काताई अभिमानानं म्हणाल्या, "दर वेळी ठसका?"