सोबतीचं कार्ड

बाकावर आई नव्हती.

डेर्व्हलानं आधी बँडस्टँडच्या मागं पाहिलं, मग धक्क्याच्या कठड्यापाशी, मग बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन तिन्ही दारं ठोठावली. आई कुठंच नव्हती. बंदरात एक भलंमोठं प्रवासी जहाज लागलं होतं आणि अख्खं कोव्ह गाव त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत होतं. त्या गर्दीत काठी टेकत चालणारी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई शोधायची कशी?

आणि डेर्व्हलाच्या मनात पहिला विचार आला तो हा, की कार्ड आईच्या पर्समध्ये आहे. आता परत कसं जायचं?

देवा रे! आई हरवलीय आणि हिला तिकिटाची पडलीय. डेर्व्हलाला स्वतःचीच किळस आली.

पण खोटं कशाला बोला, आईला आणलं होतं ते कार्डासाठीच. शाळेला सुट्टी लागून तीन आठवडे झाले होते, पोरांनी घर डोक्यावर घेतलं होतं. नवऱ्याचं काम सुटलेलं. कुठं न्यायचं म्हटलं की खिसा आड यायचा. म्हातारपणी फुकट प्रवासाचं कार्ड तर सगळ्यांनाच मिळतं. पण आईला नुकतंच मिळालं होतं ते सोबतीचं. हिला एकटीला प्रवास झेपत नाही असं डॉक्टरनं लिहून दिलं, की बरोबरच्या माणसालाही तिकीट लागत नाही. आईनं हे सहज म्हणून जावयाच्या कानावर घातलं, जावयानं बायकोच्या. आणि डेर्व्हलाच्याच कॉर्क शहरात, नदीच्या पलीकडं राहणाऱ्या आईला ईस्टरनंतर पहिल्यांदा लेकीचा फोन गेला.

"आई, येतेस का गं कोव्हला? पोरं तुझी फार आठवण काढतात."

पोरांनी कसली आठवण काढली नव्हती.

आई नवाकोरा लाल स्कार्फ बांधून अर्धा तास आधीच स्टेशनवर हजर. गाडीत समोरच्या अनोळखी बाईला सांगत होती, "लेक नेतेय हो मला समुद्रावर!" डेर्व्हला खिडकीबाहेर बघत राहिली. तिला आईकडं बघवेना.

दुपारी आई, डेर्व्हला आणि दोन्ही पोरांनी धक्क्यावर बसून घरून आणलेली हॅमची सँडविचं खाल्ली, थर्मासमधला चहा प्यायला. टेकडीवरचं मोठं चर्च बघायला पैसे पडत नाहीत, म्हणून मग वर जायचं ठरलं. आईचे गुडघे चढणीचे नव्हेत. तिला बाकावर बसवलं. "अर्ध्या तासात येतो," डेर्व्हला म्हणाली.

अर्ध्याचे दोन तास झाले. चर्च तर पंधरा मिनिटांत बघून झालं होतं. पण वर कुणी हळू चाला म्हणत नव्हतं, गुडघ्यांची रडगाणी ऐकवत नव्हतं. पोरं गवतावर लोळत होती. जाऊ जरा वेळानं, असं म्हणत डेर्व्हला तिथंच पाय पसरून बसली. आई काय, बसून राहील. ती कुठं जातेय?

आता मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. दोन्ही पोरांचे हात धरून तिनं आइस्क्रीमची गाडी गाठली.

"एक म्हातारी बाई पाहिलीत का हो? लाल स्कार्फ, हातात काठी?"

"ती होय!" आइस्क्रीमवाला म्हणाला. "मघाशीच गेली की वर चर्चकडं. तरातरा! म्हटलं, आजीबाई, जरा दमानं घ्या. तर मलाच म्हणते, तू तुझं आइस्क्रीम बघ, ते वितळतंय."

"ती नव्हे मग. माझ्या आईला चढवत नाही."

"आजी!" धाकटी मेव्ह किंचाळली.

चर्चच्या उभ्या उतारावरून आई येत होती. काठी काखोटीला मारलेली, कोटाची बटणं उघडी, चेहरा लालबुंद. चाल अशी झपाझप, की जहाजावरचे दोन पाहुणे घाबरून बाजूला झाले.

"कुठं तडमडला होतात गं?" ती लांबूनच ओरडली. "दोन तास! म्हटलं, पोरगं कठड्यावरून पडलं की काय! अख्खं चर्च पालथं घातलं मी. पायऱ्यांनी उतरलात वाटतं? आणि मी आपली रस्त्यानं चढतेय!"

"आजी, तुझी काठी," आठ वर्षांचा फिनबार म्हणाला.

आईनं काखेकडं पाहिलं. घाईघाईनं काठी जमिनीला टेकवली, एक पाय जरासा ओढून बघितला. मग तिचं तिलाच हसू फुटलं.

"तुझे गुडघे..." डेर्व्हला म्हणाली.

"काय धाड भरलीय गुडघ्यांना? तुझ्यापेक्षा धड आहेत."

"मग डॉक्टरनं लिहून दिलं ते?"

"रडले त्याच्यापुढं. तीन वेळा गेले. शेवटी कंटाळून लिहिलं बिचाऱ्यानं." आईनं आवाज खाली आणला. "बोलू नकोस हं कुठं. म्हातारपणी पकडून नेतील मला."

"पण कशासाठी, आई? साधं कार्ड होतंच की तुझ्याकडं. फुकटच फिरत होतीस."

आई बाकावर टेकली. मेव्हला तिनं मांडीवर ओढून घेतलं. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर औषधालाही नव्हता. युक्ती साधली म्हणून ती खूश होती, इतकंच.

"होतं ना. सहा वर्षं त्या कार्डावर तुला विचारत होते, चल गं एक दिवस कोव्हला. तुला सवडच नसायची. आणि हे कार्ड आलं काय, आठव्या दिवशी तुझाच फोन!"