ओढणाऱ्याचे दात

मंगळवार, १८ जानेवारी १९७२, सकाळी साडेअकरा. पारनेरच्या कोर्टात हवालदार आप्पासाहेब ठुबे साक्षीला उभे राहिले. समोर टेबलावर गांजाच्या बावीस पुड्या होत्या. रंभाजीच्या घरात, बाजरीच्या कणगीत सापडलेल्या. गांजा स्वतःला ओढायला ठेवलाय, असं रंभाजीचं म्हणणं. ते पटलं तर दंडावर भागणार होतं. विक्री ठरली तर सहा महिने कैद.

रंभाजीला विकताना कोणी पाहिलं नव्हतं. ठुबे तसं सांगायला आलेही नव्हते. ते अनुभव सांगायला आले होते, एकोणीस वर्षांचा.

“ओढणारा पुड्या बांधत नाही, साहेब. विकणारा बांधतो. आणि ओढणाऱ्याचे दात काळे पडतात. आरोपीने तोंड उघडावं.”

रंभाजीने उघडलं. दात कडुलिंबाच्या काडीने घासलेले, पांढरेशुभ्र. त्याचे वकील कागद चाळू लागले.

मागच्या बाकावरून त्याची बायको चांगुणा उठली.

“साहेब, त्यो गांजा त्यांचा न्हाईच. माजा हाय. लगीन झाल्यापास्नं वढते मी.”

न्यायाधीशांनी तिला पुढे बोलावलं. तिने तोंडावरचा पदर काढला आणि दात दाखवले. रोजच्या मिश्रीने ते कोळशासारखे झाले होते.

“मग पुड्या कशासाठी?” न्यायाधीशांनी विचारलं.

“रोजची येक. समदा गांजा हाताशी असला की हात आवरत न्हाई.”

“हवालदार, तुमचा अनुभव काय सांगतो?”

ठुब्यांनी पुढे वाकून ते दात पाहिले. “बाईमाणसाचं कधी तपासलं नाही, साहेब. पण खूण हीच.”

बाई खरोखर ओढते का, याची चौकशी करून सांगा, असा हुकूम झाला. पुढची तारीख ४ फेब्रुवारी पडली.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता ठुबे रंभाजीच्या दारात आले. उद्या सकाळी पंचांसमोर चिलीम भरून ओढून दाखवावी लागेल, असं त्यांनी चांगुणाला सांगितलं.

“या की, भाऊ,” ती म्हणाली. “पंच किती हायेत? तेवढा च्या ठिवते.”

ठुबे गेले. दार आतून लागलं. शेजारी सांगतात, त्यानंतर दिवेलागणीपर्यंत घरातून बाईच्या खोकल्याचा आवाज येत होता.