कानापुरता आवाज

शाळेतल्या नव्या संगणक कक्षाच्या सामानाची यादी शिक्षक आपल्या अंध आत्याला सल्ल्यासाठी वाचून दाखवीत होता. चाकांची खुर्ची खाली शिरेल असे टेबल होते, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी यंत्रणा होती. "हेडफोन गाळले, आत्या. अंथरूण पाहूनच पाय पसरायचे! स्पीकरवर ऐकतील मुलं." आत्या म्हणाली, "मला आयुष्यात एकच पत्र आलं रे. तुझ्या वडिलांनी ते भरल्या घरात वाचलं. मध्येच खाकरले, घडी घातली नि म्हणाले, 'बाकी काही विशेष नाही.' उरलेलं पत्र मी चाळीस वर्षं मनाशीच रचते आहे." शिक्षकाने स्वतःसाठीची फिरती खुर्ची यादीतून खोडली, हेडफोन लिहिले आणि चाचरत विचारले, "ते पत्र कधी मागितलं नाहीस?" आत्या हसली. "मागून काय करणार होते, बाळा? पुन्हा कुणाला तरी वाचायलाच द्यावं लागलं असतं."