भिंतभर पुस्तकं

वडील गेले आणि घरभर त्यांची पुस्तकं मागे राहिली. पोटाला चिमटा काढून जमवलेली. नवं पुस्तक आणलं की ते आधी त्याचा वास घ्यायचे आणि मग आईची बोलणी खायचे.

लेकीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. वाचनालयाने हवी तेवढी उचलली आणि बाकीच्यांना हात जोडले.

"वाळवी लागायची वाट बघतेस का? देऊन टाक बाई कुणाला तरी," मावशी म्हणाली.

"कुणाला तरी नाही, मावशी. त्यांच्यासारखा वेडा भेटला तरच देईन."

तसे एक गृहस्थ भेटले. कापडी बांधणीच्या पाठींवरून, त्यांवरच्या सोनेरी अक्षरांवरून बोटं फिरवत कितीतरी वेळ उभे राहिले. म्हणाले, "सगळीच न्यायला आवडतील. नव्या घरात दिवाणखान्याची अख्खी भिंत रिकामी ठेवलीय."

"जपाल ना?"

"अहो, काचेआड ठेवणार. धुळीचा कण बसू देणार नाही."

वडील गेल्यापासून आवरून धरलेलं रडू तिला तेव्हा आलं. प्रत्येक पुस्तक पुसून तिने स्वतः टेम्पोत चढवलं.

आठवड्याभराने त्या गृहस्थांच्या सुताराचा फोन आला. भिंत झकास झाल्याचं त्याने कौतुकाने सांगितलं.


"कप्पे दोनच बोटं खोल आहेत ना ताई, म्हणून पुस्तकांच्या पाठी तेवढ्या कापून चिकटवल्या, आतली पानं पोत्यांत भरलीत, ती जाळायच्या आधी साहेब म्हणाले, ताईंना हवीत का विचार."