पांढरी की नारिंगी

हिरव्या चाकाची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा सहा दशांश मिलिमीटरने जास्त झिजली होती. तिने व्हर्नियर पुन्हा लावून पाहिला. तेवढीच. पहिल्या महिन्यात, एवढंच अंतर कापल्यावर, हा फरक दोन दशांशाच्या पुढे गेला नव्हता. आतली कड झिजते ती रस्त्याला पाय रेटताना. जितका जोर, तितकी झीज. तिने आकडा वहीत लिहिला आणि शेजारचा कारणाचा रकाना कोरा सोडला.

वजनकाटे तपासायच्या कचेरीत अकरा वर्षं काढलेल्या बाईला कोरा रकाना खुपतो. हा रकाना मात्र ती गेले आठ रविवार कोराच सोडत आली होती.

वही नवऱ्याची. इनलाइन स्केटच्या चाकांचे चार संच त्याने आणले होते: पांढरा, हिरवा, नारिंगी, काळा. व्यास सगळ्यांचा एकच, फरक फक्त कडकपणात. मऊ चाक डांबराचे हादरे गिळतं, पण वेगही खातं. कडक चाक सुसाट जातं, पण दातापर्यंत थरथर पोचवतं. यातलं कुठलं लावून रस्त्यावरच्या लांब शर्यतीत उतरायचं, याचा निकाल वीस रविवारांत लागला नव्हता. आज मात्र सुटका नव्हती. क्लबकडे एकच जागा उरली होती. नाव आणि चाकं, दोन्ही दुपारी बारापर्यंत कळवायची होती, म्हणजे क्लब त्या जातीचा नवा संच मागवणार.

चाचणीत नवरा स्वतः कधी पळाला नाही. "मी ईर्ष्येला पेटणार आणि आकडे बिघडणार," त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तुला काही जिंकायचंबिंकायचं नाही. तू आपली एका लयीत जातेस. तू आपला स्थिरांक." त्याची स्वतःची तलावाभोवतीच्या फेरीची जुनी वेळ, अकरा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद, वहीच्या पहिल्या पानावर चौकट आखून लिहिलेली होती. त्या चौकटीला कुणी हात लावायचा नाही. म्हणून नवऱ्याच्या सोबतीपुरतं स्केटिंग शिकलेली ती दर रविवारी फेऱ्या मारायची, तो चाकं बदलायचा आणि सासरे कठड्यावर बसून घड्याळ दाबायचे.

"झालं. पांढरी बसवली," नवरा ग्रीसचे हात झटकत म्हणाला. "पांढऱ्यांची शेवटची फेरी. नेहमीसारखी जा, उगाच काही करू नकोस."

ती निघाली. पहिल्या वळणापर्यंत नेहमीसारखीच गेली. पुढे सरळ रस्ता होता, मोकळा, आणि तिथे नवरा दिसत नव्हता. ती खाली वाकली. ती एक उरलेली जागा तिला हवी होती. हे तिने अजून आरशालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"अकरा एकतीस," सासऱ्यांनी घड्याळ डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. मग जवळ आणून परत वाचलं.

नवऱ्याने वही ओढली. "बघ! पहिल्या रविवारी याच पांढऱ्यांवर चौदा दहा होतं. म्हणजे पांढरं चाक जुनं होतं तसं पळतं. मुरतं ते!"

"आणि नारिंगी?" सासऱ्यांनी विचारलं.

"तेही मुरलंय थोडं."

"काळं? हिरवं?"

"बाबा, डांबर तापतंय आता. ऊन वाढलंय."

"पहिल्या रविवारीही मी टोपी घालूनच बसलो होतो."

"मग बेअरिंगं मोकळी झाली असतील."

"ती तर तू गेल्याच आठवड्यात नवी घातलीस." सासरे तलावाकडे तोंड करून बसले. "असो. घोडा पळाला की नालेची पाठ थोपटायची. शास्त्रच आहे ते."

"तुम्ही घड्याळ सांभाळा, बाबा." नवरा हिशेबात बुडाला होता. त्याचा चेहरा उजळला. "अगं, तुझ्यासारखीला या चाकांवर अकरा एकतीस लागतात, तर मला किती लागतील? दहा! फार तर दहा दहा!"

ती गवतावर पाय पसरून बसली होती. धाप अजून पुरती उतरली नव्हती. समजावून सांगायला दोन वाक्यं पुरली असती. रकाना भरायला तर एकच शब्द. गेले आठ रविवार तो ओठांपर्यंत येऊन परत जात होता, कारण त्या माणसाचं वीस रविवारांचं काम त्या एका शब्दाने रद्दीत गेलं असतं.

फोन वाजला. क्लबचे चिटणीस.

"तूच घे. माझे हात ग्रीसचे," नवरा म्हणाला. तिने फोन घेऊन मोठ्या आवाजावर टाकला.

"काय वहिनी, ठरलं का साहेबांचं? दहा मिनिटं राहिलीत. माझ्याकडे रकाने तसेच पडलेत."

"सांग, पांढरी," नवरा म्हणाला. "नाही, थांब. नारिंगीची शेवटची फेरी राहिलीय. त्यांना म्हणावं, एक आठवडा द्या."

"आठवडा कसला मागताय!" फोन म्हणाला. "पलीकडच्या क्लबवाले टपून बसलेत. लवकर बोला. कुठली चाकं?"

नवऱ्याने वही उलटी फिरवली, सुलटी केली, पेनाचं टोपण चावलं. सासऱ्यांनी विनाकारण घड्याळ सुरू केलं.

"चाकं तुमच्याकडे असतील ती लावा, भाऊ," ती म्हणाली. "नाव माझं लिहा."